मेलानेशियातल्या लाकडी उशा : कोरीवकाम राहू द्या, आधी झीज बघा

सागरगोटा

युरोप-अमेरिकेतल्या मोठ्या संग्रहालयांत पॅसिफिकचं दालन हमखास असतं. लोक तिथे मुखवट्यांपुढे फोटो काढतात आणि खालच्या फळीवर मांडलेल्या, जेमतेम वीतभर उंचीच्या लाकडी वस्तूंकडे ढुंकूनही बघत नाहीत. पाटी वाचली तर कळतं, की ही उशी आहे. पापुआ न्यू गिनीपासून फिजीपर्यंत पसरलेल्या मेलानेशिया या बेटांच्या पट्ट्यात अनेक ठिकाणी झोपताना मानेखाली लाकूड घ्यायची रीत होती. या उशांवरची कला हा माझ्या आवडीचा विषय. थोडं लिहितो, भर घाला.

माझं म्हणणं एवढंच, की आपण या वस्तूची नको ती बाजू बघत बसतो. कोरीवकाम असतं पायांवर, टोकांना, खालच्या बैठकीवर. मान टेकते तो वरचा दांडा बहुधा साधाच सोडलेला असतो. वस्तू कशी जगली ते मात्र तिथेच कळतं. खोबरेल, घाम, चुना, काजळी मुरून आलेली चकाकी. मधोमध हाताला लागेल न लागेल इतपत खोलगटपणा. एका बाजूला जास्त झीज असेल, तर मालक त्याच कुशीवर झोपणारा. संग्रहालयवाले दिवा सोडतात तो समोरच्या आकृतीवर, छापील पुस्तकांतले फोटोही समोरूनच. वरून काढलेला फोटो शोधून सापडत नाही.

आधी फिजी, कारण तिथली माहिती सर्वांत जास्त आहे. तिथे या उशीला 'काली' म्हणतात. उत्तम काली वेसी नावाच्या जड, टणक लाकडाची. यंगोना (म्हणजे कावा, मुळांपासून करतात ते पेय) घोळण्याची पाय असलेली मोठी परात आणि दोन होड्या जोडून केलेल्या थोरल्या नावा याच लाकडाच्या. कालीची घडण दिसायला अगदी सरळ असते. आडवा दांडा आणि दोन टोकांना दोन पाय, कधी चंद्रकोरीसारखे बाक दिलेले. काहींत पाय वेगळे घडवून नारळाच्या काथ्याने दांड्याला आवळलेले असतात, आणि ती काथ्याची वीण स्वतःच बघण्यासारखी असते. साध्या माणसाला बांबूची काली चाले. सरदाराच्या कालीवर व्हेलच्या दाताच्या चांदण्या आणि चकत्या जडवलेल्या. हे जडावाचं कसब टोंगा-सामोआच्या बाजूने आलेल्या सुतारांचं, त्यामुळे फिजीची काली आणि टोंगाची काली शेजारी ठेवल्या तर जाणकारही अडखळतात.

आता मुद्दा असा, की इतकं कठीण लाकूड कशाला? उत्तर केसांत आहे. फिजीतले पुरुष, त्यातही सरदार आणि लढवय्ये, केसांना चुना लावून, रंगवून, फुलवून डोक्याभोवती मोठाला घुमट करत. त्यात तासन् तास जात. सरदाराचे केस करणारा माणूस वेगळा असे. डोकं हा शरीराचा सर्वांत पवित्र भाग, तो 'तंबू', म्हणजे स्पर्शाला निषिद्ध. म्हणून त्या केस करणाऱ्याच्या हातांवरही बंधन : स्वतःच्या हाताने जेवायचं नाही, दुसऱ्याने भरवायचं. असा डोलारा मऊ उशीत रुतला तर सकाळी सगळी मेहनत पाण्यात. मान दांड्यावर टेकवली की डोकं अधांतरी राहतं, केसांना धक्का लागत नाही, हवाही खेळते. खाज सुटली तर बोट घालायची सोय नाही, त्यासाठी लांब काडी.

फिजीच्या सुतारांनी आकार साधा ठेवला. न्यू गिनीच्या ईशान्य किनाऱ्यावर हुऑन आखातात गेलात तर नेमकं उलटं. फिन्शहाफेनच्या समोर तामी नावाची चिमुकली प्रवाळबेटं आहेत. शेतीला जमीन जवळजवळ नाहीच, त्यामुळे बेटकऱ्यांचं पोट कोरीवकामावर आणि देवघेवीवर. त्यांचे लाकडी वाडगे आखातभर जात आणि बदल्यात मुख्य भूमीवरून अळकुड्या, मडकी, चटया येत. सियासी बेटांचे दर्यावर्दी हेच वाडगे दोन डोलकाठ्यांच्या होड्यांतून थेट न्यू ब्रिटनपर्यंत पोचवत. तामी धाटणीच्या उशीत खाली सपाट बैठक, त्यावर उकिडवा बसलेला माणूस, आणि त्याच्या डोक्यावर किंवा हातांवर मधे खोलगट असलेली पट्टी. सगळं एकाच ओंडक्यातून काढलेलं. या माणसाला मान नसते! डोकं खांद्यांत बसवलेलं, हनुवटी छातीला टेकलेली. नक्षी कोरून खाचांत चुना भरलेला, म्हणून काळपट लाकडावर पांढऱ्या रेघा उठून दिसतात. झोपणाऱ्याची मान सांभाळणाऱ्या या गड्याला स्वतःची मान नाही, हे मला फार आवडतं. मुद्दाम केलंय असं म्हणणार नाही, कारण तामीच्या इतर आकृत्याही अशाच असतात.

न्यू गिनीतल्याच सेपिक नदीच्या काठी तिसरीच तऱ्हा. तिथे दांडा लाकडी, पण पाय बांबूचे किंवा वेताचे, वेताच्याच घट्ट विणीने बांधलेले. दांड्याच्या टोकांना मगरीचं तोंड, पक्षी, माणसाचा चेहरा. इआतमुल लोकांत मगर म्हणजे आद्य पूर्वज. मुलगा वयात येताना त्याच्या पाठीवर छेद देऊन मगरीच्या खवल्यांसारखे वण उठवतात. अशा माणसाने रात्री मगरीच्या दोन तोंडांमध्ये मान ठेवून झोपणं ही त्याच्या दृष्टीने नुसती सजावट नसणार.

कुणी प्रत्यक्ष पाहिल्या असतील तर जरूर लिहा.

तिरकस

धागा झकास, वाचनखूण साठवली. पण रात्रभर लाकडावर मान म्हणजे शिक्षाच की. त्यापेक्षा टक्कल परवडलं.

मणक्यांचा_डॉक्टर

तिरकसराव, तुम्ही ती उशी मनातल्या मनात तुमच्या फोमच्या गादीवर ठेवून बघताय. तिथे ती टोचणारच. हे लोक झोपायचे चटईवर, कठीण जमिनीवर. मऊ गादीत खांदा आत जातो, चटईवर जात नाही. कुशीवर झोपलात की कान आणि जमीन यांत खांद्याएवढं अंतर उरतं, ते कशाने तरी भरून काढावं लागतं. चार-सहा इंचांचा टेकू तिथे बरोबर बसतो. उताणे झोपलात तर तोच टेकू उंच पडतो. म्हणून काही उशा बुटक्या आणि काही उंच का, हे बघताना मालक कसा झोपत असेल याचा विचार करायला हरकत नाही. सागरगोटा यांचा एका बाजूच्या झिजेचा मुद्दा त्याला धरूनच आहे.

आमच्याकडेही शेतावर राखणीला जाणारी माणसं उशाला पाट किंवा वीट घेऊन ढाराढूर झोपतात. शरीराला सवय लावली तशी लागते. मात्र वयाच्या पन्नाशीत मानदुखी घेऊन येणाऱ्या पेशंटने हा प्रयोग करू नये, ही सूचना मोफत.

निशिगंधा

सुंदर लेखन. इजिप्तमध्येही अशाच उशा होत्या ना? तुतनखामेनच्या थडग्यात हस्तिदंताची एक आहे. मधे शू हा हवेचा देव दोन्ही हातांनी डोक्याची जागा तोलून धरतो आणि दोन बाजूंना दोन सिंह. तुमच्या तामीच्या माणसाचा मोठा भाऊच वाटतो. जपानमध्ये केशरचना सांभाळायला बायका उंच, अरुंद उशी घेत. आफ्रिकेत शोना, लुबा, तुर्काना अशा कितीतरी लोकांकडे लाकडी उशा आहेत. ही कल्पना एका जागेवरून सगळीकडे गेली असेल का?

सागरगोटा

निशिगंधाताई, शूची आठवण चपखल. पण एका उगमाची ओढ मला नाही. जिथे जमिनीवर झोपणं आणि डोक्यावर काहीतरी जपण्यासारखं, या दोन गोष्टी एकत्र आल्या, तिथे कुणाच्याही मनात हे येऊ शकतं. फिजी-टोंगा-सामोआचं नातं मात्र पक्कं. तिथे माणसं, लग्नं, सुतार, नावा सगळंच ये-जा करत होतं. न्यू गिनीच्या पश्चिम टोकाला, आज इंडोनेशियात असलेल्या चेंदेरावासिह उपसागरातल्या उशांवर पूर्वजांच्या 'कोरवार' मूर्तींची छाप दिसते, तेही शेजारपणाचं देणंघेणं. इजिप्तपर्यंत दोरी ताणायची गरज नाही.

आणि एक फरक बघा. शू वजन तोलतो ते सूर्य उगवावा म्हणून, त्यामागे अख्खं मरणोत्तर शास्त्र आहे. तामीचा माणूस काय करतोय हे सांगणारं तसलं काही आपल्या हाती नाही. जुळ्या दिसणाऱ्या वस्तू एका कपाटात ठेवून मोकळं होणं हा संग्रहालयांचा जुना रोग.

भटक्या_खेकडा

कामानिमित्त फिजीच्या राजधानीत, सुव्हात, काही काळ राहिलो आहे. डोक्याचं प्रकरण तिथे अजून जिवंत आहे. गावात शिरताना टोपी काढायची, गॉगल डोक्यावर चढवायचा नाही. लहान पोराच्या डोक्यावरून कौतुकाने हात फिरवायची आपली सवय तिथे आवरावी लागते. पहिल्याच आठवड्यात ऑफिसातल्या एका ज्येष्ठ बाईंनी मला बाजूला घेऊन हे समजावलं. रागाने नाही, पण परत सांगावं लागणार नाही अशा आवाजात.

फिजी म्युझियम बागेत आहे, तिथे काली आहेतच. पण मला तिथली दुसरी वस्तू जास्त लक्षात राहिली : रेव्हरंड थॉमस बेकर यांच्या जोड्यांचे तळवे. १८६७ साली फिजीच्या व्हिती लेव्हू बेटाच्या डोंगराळ भागात नाबुताउताऊ गावी त्यांना आणि त्यांच्याबरोबरच्या सात फिजियन ख्रिश्चनांना मारलं आणि खाल्लं. सगळीकडे सांगतात ती गोष्ट अशी, की बेकरसाहेबांचा कंगवा सरदाराने केसांत खोवला आणि साहेबांनी तो सरळ त्याच्या डोक्यातून ओढून काढला. तुमचं वरचं 'तंबू' वाचल्यावर लक्षात येईल, याचा अर्थ काय झाला ते. २००३ साली गावाने बेकरांच्या वंशजांना बोलावून रीतसर माफी मागितली.

प्रश्नचिन्ह

कंगव्यापायी आठ माणसं? पटत नाही बुवा.

भटक्या_खेकडा

पटू नयेच. त्यामागे राजकारण होतं. किनाऱ्यावरचा बलाढ्य सरदार थाकोम्बाऊ १८५४ साली ख्रिश्चन झाला, त्यानंतर नवा धर्म म्हणजे त्याची सत्ता असं समीकरण डोंगरातल्या लोकांच्या डोक्यात बसलं. बेकर निघाल्यावर त्यांना मारावं म्हणून व्हेलचा दात, म्हणजे 'ताम्बुआ', गावोगाव फिरवला गेला अशीही हकिकत आहे. ताम्बुआ स्वीकारला की शब्द पाळावा लागतो. म्हणजे बेकरांचं मरण त्यांच्या आधीच वाटेला लागलं होतं. पण लोकांनी गोष्ट म्हणून जपली ती कंगव्याची. कारण ती ऐकणाऱ्या कुठल्याही फिजियनाला दुसरं काही समजवावं लागत नाही.

मोकाकर

मॉरिशसहून लिहितो आहे, मराठी जरा सांभाळून घ्या. आमचे पूर्वज रत्नागिरीकडून गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर, इथे आले. इथल्या इतिहासात सर आर्थर गॉर्डन हे गव्हर्नर आहेत, १८७१ ते १८७४. त्यांच्याच काळात मळ्यांवरच्या हिंदी मजुरांच्या हालअपेष्टांची चौकशी करायला रॉयल कमिशन बसलं. नंतर हेच गॉर्डन १८७५ साली फिजीचे गव्हर्नर झाले. फिजियन लोकांना मळ्यांवर राबवायचं नाही, त्यांच्या जमिनी विकू द्यायच्या नाहीत, असं धोरण त्यांनी धरलं. मग मळ्यांवर राबायचं कुणी? तर हिंदी गिरमिटियांनी. 'लिओनिदास' हे पहिलं जहाज १८७९ साली पोचलं.

आणि याच गॉर्डनसाहेबांनी फिजीतल्या वस्तू गोळा केल्या. केंब्रिजचं मानववंशशास्त्राचं संग्रहालय १८८४ साली सुरू झालं, त्यात त्यांचा संग्रह आणि बॅरन फॉन ह्यूगेल यांचा संग्रह पायाभूत होता. फॉन ह्यूगेल तिथले पहिले क्युरेटर. म्हणजे एका हाताने फिजियन माणसाच्या वस्तू कपाटात जपल्या आणि दुसऱ्या हाताने आमच्यासारख्यांना उसाच्या शेतात लावलं. काली बघायला कधी गेलो तर हे माझ्या डोक्यातून जाणार नाही.

सागरगोटा

मोकाकर, सांभाळून कसलं घ्यायचं, तुमचं मराठी इथल्या निम्म्या सदस्यांपेक्षा नेटकं आहे. हा दुवा इथे यायलाच हवा होता.

तामीच्या वस्तूंची कथाही अशीच. १८८५ साली जर्मन न्यू गिनी कंपनीने फिन्शहाफेनला ठाणं टाकलं. मलेरियाने माणसं पटापट मेली, १८९१ साली गाशा गुंडाळला. मिशनरी मात्र टिकून राहिले. योहानेस फ्लिर्ल यांनी १८८६ साली जवळच सिंबांगला लूथरन मिशन काढलं, त्याची शाखा पुढे तामीवर गेली. लायोश बीरो नावाचा हंगेरियन निसर्ग-अभ्यासक शतकाच्या अखेरीस तिथे होता. कीटक गोळा करायला गेलेला माणूस, पण तामीच्या कोरीव वस्तूंचा मोठा साठा घेऊन आला. म्हणून आज हुऑन आखातातलं उत्तम काम बघायचं तर बुडापेस्टला जावं लागतं.

प्रश्नचिन्ह

मग या उशा वापरातून गेल्या कशा? मिशनऱ्यांनी बंदी घातली?

सागरगोटा

उशीवर बंदी घालायची गरजच नव्हती. केस गेले, उशी गेली. चर्चमध्ये येणाऱ्याचे केस आखूड, नीटनेटके असावेत असा आग्रह. पुरुषांची घरं, जिथे सेपिककाठी रात्री पुरुष निजत, ती काही भागांत मोडली. दुकानात कापड आणि कापसाची उशी आली. लोखंडी हत्यारंही आली. त्यामुळे कोरीवकाम थांबलं नाही, उलट वाढलं, पण ते विकण्यासाठी. विसाव्या शतकातल्या कितीतरी उशांवर कधी कुणी झोपलेलंच नाही.

अवांतर : सेपिकच्या निजण्याची दुसरी वस्तू म्हणजे विणलेली लांबलचक पिशवी. डासांपासून वाचायला अख्खं कुटुंब तिच्यात शिरून तोंड बंद करून झोपत असे. सेपिकचे डास ज्यांनी अनुभवलेत ते याला कलावस्तू म्हणणार नाहीत, देवाचा प्रसाद म्हणतील. काचेच्या कपाटात ती मावत नाही, म्हणून दिसतही नाही. उशीचं नशीब थोर, ती आकाराने लहान होती.

जुनाबाजार

कामाचा प्रश्न. एका ऑनलाइन लिलावात 'सेपिक, विसाव्या शतकाचा आरंभ' अशी एक उशी दिसते आहे. मगरीची दोन तोंडं, वेताचे पाय, काळी कुळकुळीत. घ्यावी का? ओळखायचं कसं?

सागरगोटा

फोटोवरून कुणीही छातीठोक सांगत असेल तर त्याच्यापासून चार हात लांब राहा. पण विक्रेत्याकडून फोटो मागवा, तेही वरून आणि खालून.

वरचा दांडा : वापराची चकाकी एकसारखी नसते. मान टेकते तिथे दाट, टोकांकडे विरत जाणारी. सगळीकडे सारखी काळी झिलई असेल तर बूटपॉलिश किंवा धुराचा प्रताप. कोरीव भागाच्या खोल खाचांतही तितकाच चकचकीतपणा असेल तर संशय धरा. खाचांत मळ साठतो, हात पोचत नाही. वेताची वीण बघा. जुना वेत ठिसूळ होतो, एखादा वेढा तुटलेला असतो, घासून गुळगुळीत झालेला असतो. वीण कोरी करकरीत असेल तर एक तर नंतर दुरुस्ती झाली आहे किंवा वस्तूच नवी. नायलॉनची दोरी वापरलेलेही नग फिरतात, त्यांना निदान प्रामाणिक म्हणावं. पायांचा तळ : रोज उचलून ठेवलेल्या वस्तूचा तळ गोलसर होतो. आणि मान टेकायच्या जागेवरच भरगच्च नक्षी असेल, तर कोरणाऱ्याला झोपणारा डोळ्यांपुढे नव्हता, गिऱ्हाईक होतं.

नव्या वस्तूत वाईट काही नाही. सेपिकचे आजचे कोरणारेही हातचे पक्के आहेत, नवी म्हणून योग्य भावात घेतलीत तर पैसे वाया गेले म्हणणार नाही. जुनी म्हणून नवी घेऊ नका, एवढंच.

भटक्या_खेकडा

कायद्याची बाजूही बघा. पापुआ न्यू गिनीत सांस्कृतिक वस्तूंच्या रक्षणाचा १९६५ चा कायदा आहे. जुनी वस्तू देशाबाहेर न्यायची तर पोर्ट मोर्स्बीच्या राष्ट्रीय संग्रहालयाची परवानगी लागते. विक्रेत्याला कागद विचारा. 'आजोबांनी आणली होती' हे उत्तर पुरेसं नाही. आणि फिजीची जडावाची काली कुणी देऊ केली तर दुप्पट सावध, कारण ते व्हेलचे दात. व्हेलच्या कुठल्याही अवयवाचा व्यवहार आपल्याकडे वन्यजीव कायद्यात अडकतो. कोकणात व्हेलच्या उलटीपायी कितीजण आत गेले ते पेपरात वाचलं असेलच.

जुनाबाजार

विक्रेत्याने वरून काढलेला फोटो पाठवला. दांडा टोकापासून टोकापर्यंत एकसारखा काळा. कागद विचारल्यावर गप्प. सोडली.

निशिगंधा

अस्मत लोक पूर्वजांची कवटी उशाला घ्यायचे असं वाचलं आहे. ही अतिशयोक्ती आहे का? अंगावर काटा आला.

सागरगोटा

अतिशयोक्ती नाही. अस्मत म्हणजे आजच्या इंडोनेशियाच्या दक्षिण पापुआ प्रांतातला दलदलीचा किनारा. तिथे जवळच्या नातलगाची कवटी साफ करून, डोळ्यांच्या खोबणींत मेण आणि बिया बसवून, पिसांनी सजवून घरात ठेवत आणि रात्री तिच्यावर डोकं टेकत. आपला माणूस जवळ राहावा, त्याचं बळ मिळावं, झोपेत बाहेरच्या भुताखेतांनी गाठू नये, हा हेतू. झोपेत माणूस सर्वांत उघडा पडतो, ही धास्ती मेलानेशियात फार ठिकाणी दिसते.

काटा येतो तो आपण हिला शत्रूच्या कवटीशी एक करतो म्हणून. अस्मतांकडे दोन्ही असत, आणि दोन्हींत गल्लत होत नसे. संग्रहालयात समोर आली तर खालचा जबडा बघा. पूर्वजाच्या कवटीला तो वेताने पक्का बांधलेला असतो, सुटू नये म्हणून. शत्रूच्या कवटीला जबडा नसतो, आणि मेंदू काढण्यासाठी कानशिलाशी भोक पाडलेलं असतं. उशाला यायची ती पहिली.

मणक्यांचा_डॉक्टर

गोल कवटीवर डोकं स्थिर कसं राहत असेल, हा माझा पुढचा प्रश्न. उताणं झोपून मानेच्या खळग्यात बसवत असतील तर जमेल, कुशीवर अवघड आहे.

सागरगोटा

डॉक्टरसाहेब, माझ्या पाहण्यात आलेल्या जुन्या फोटोत माणूस कुशीवरच आहे, आणि कवटी गालाखाली.